रजिस्टरच्या रकान्यांत न मावलेले: सेवेतील शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील प्राथमिक शाळांमध्ये आज सेवेत असलेले मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिक्षिका यांस

सप्रेम नमस्कार.

मी एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका आहे. माझी बहुतेक नोकरी जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावांमध्ये झाली आणि 2009 साली, नियमाप्रमाणे वयाची 58 वर्षे पूर्ण होताच, मी सेवेतून मोकळी झाले. हे पत्र लिहिण्याचे कारण आपल्या शाळेच्या लोखंडी कपाटात, बहुधा सर्वांत खालच्या कप्प्यात, ठेवलेली एक जाड वही आहे. तिला कोणी जनरल रजिस्टर म्हणतात, कोणी दाखलखारीज म्हणतात, कागदोपत्री ती प्रवेश-निर्गम नोंदवही असते. माझी विनंती अशी आहे की, ही वही ज्यांनी लिहिली त्या शिक्षकांपैकी जे अजून हयात आहेत आणि ज्यांची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे, त्यांच्याजवळ आपण जाऊन बसावे, त्यांनी लिहिलेली पाने त्यांच्यापुढे ठेवावीत आणि रकान्यांत जे मावले नाही ते त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे. या कामासाठी फार वर्षे हाताशी उरलेली नाहीत, म्हणून एकेकाला वेगळे लिहीत न बसता सर्वांना मिळून हे उघड पत्र लिहीत आहे.

त्या वहीची किंमत आपणांस सांगायला नको. दाखला, बोनाफाईड किंवा निर्गम उतारा मागण्यासाठी कोणी ना कोणी आपल्या दारात उभे असतेच. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभरातील जुन्या दप्तरांबरोबर शाळांची रजिस्टरेही उघडली गेली आणि मोडी वाचता येणारी माणसे शोधून आणावी लागली. लिपी कळत नाही म्हणून नोंद वाचता येत नाही, ही अडचण सर्वांना दिसते आणि तिच्यावर उपायही होतो. परंतु स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलेली नोंदसुद्धा, ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या परिस्थितीत लिहिली हे ठाऊक नसेल, तर अर्धीच वाचली जाते. आणि ती अर्धी वाचली जात आहे हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

जन्मतारखेचेच पाहा. आपल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरचे कोणतेही पान काढा, त्यावर 1 जून ही तारीख एकाखाली एक लिहिलेली दिसेल. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1969 साली झाला, तरी वाडीवस्तीवर सुईणीच्या हातून झालेल्या बाळंतपणांची वर्दी ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचायला पुढे कितीतरी वर्षे लागली. जून महिन्यात शाळा उघडली की आया मुलांना हाताला धरून आणून उभ्या करीत. मुलाला उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायला सांगायचे, आणि कान हाताला लागला तर मूल सहा वर्षांचे धरायचे, अशी रीत होती. मग आईला विचारायचे की हा कधीचा. ती तारीख सांगत नसे. ती सांगे, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पोटात होता. दुसरी सांगे, दुष्काळी कामावर सुकडी मिळत होती त्या वर्षीची ही, पण पाऊस पडायच्या आधीची. तिसरी सांगे, गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या यात्रेहून आम्ही परतलो आणि आठ दिवसांत हा झाला, पण कोणत्या सालच्या यात्रेहून, हे तिला सांगता येत नसे. भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला हे मला पाठ होते, आणि 1972 चा दुष्काळ मी स्वतः पाहिलेला होता. खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावांची कामे आणि रेशनवर आलेला तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, हे सगळे डोळ्यांसमोर होते. त्यावरून वर्ष काढता येत असे. महिना आणि दिवस काढणे कोणालाच शक्य नव्हते, म्हणून शाळा सुरू होण्याचा महिना आणि त्याचा पहिला दिवस लिहिला जाई.

त्या वेळी ती केवळ शाळेत नाव घालण्यापुरती तारीख होती. पुढे त्या माणसाचे सगळे आयुष्य त्या तारखेवर चालले. नोकरी लागली ती तारीख पाहून, निवृत्ती आली ती तारीख पाहून, आधारवर तीच चढली, श्रावणबाळ योजनेतील 65 वर्षांची अट आणि एसटीच्या मोफत प्रवासाची 75 वर्षांची अट तिच्यावरून मोजली जाऊ लागली. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखला हाच पुरावा मानण्याचा कायदा झाला आहे, त्यामुळे अंदाजाने तारीख लिहिण्याचा भार आता शिक्षकावर पडणार नाही, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ज्यांच्या नावापुढे 1 जून लिहिलेले आहे ती माणसे अजून हयात आहेत, आणि ज्या खुणेवरून त्यांचे वर्ष काढले गेले ती खूण कोणत्याही कागदावर नाही.

ती खूण सांगणाऱ्या बाईच्या नावालाही त्या वहीत जागा नव्हती. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, धर्म, जात, जन्मस्थान, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, मागील शाळा, प्रवेशाचा दिनांक, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, कारण आणि शेरा, असे सगळे रकाने होते. आईच्या नावाचा रकाना पुष्कळ पुढे आला. माझ्या भागात घराघरांत कन्नड बोलली जाई. मी आईला तिच्या भाषेत विचारीत असे, निम्म हेसरेनु? त्यावर बऱ्याच जणी पदराआड हसत, कारण शाळेत येऊन आपले नाव कोणी विचारील असे त्यांना वाटलेले नसे. त्यांपैकी कितीतरी नावे मला अजून आठवतात. कोणत्या मुलाची आई कोण, कोणती आई स्वतः मुलाला घेऊन आली, कोणाच्या आजीने आणले कारण आई कामावर गेलेली होती, हे मला आज, वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास, सकाळी काय खाल्ले त्यापेक्षा अधिक स्पष्ट आठवते. ही नावे शाळेच्या एकाही कागदावर नाहीत. माझ्यानंतर ती कुठेही असणार नाहीत.

शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. तिथे लिहायचे शब्द ठरलेले होते. सतत गैरहजर, परगावी गेल्यामुळे, पालकांच्या विनंतीवरून, इयत्ता चौथी उत्तीर्ण. यांतील शेवटचे कारण वाचताना मन निर्धास्त होते, कारण ते यशाचे वाटते. परंतु जिथे शाळा चौथीपर्यंतच होती आणि पाचवीसाठी दुसऱ्या गावी चालत जावे लागे, तिथे मुलगी चौथी उत्तीर्ण झाली याचा अर्थ बहुतेक वेळा असा होता की तिचे शिक्षण त्या दिवशी थांबले. ओढा ओलांडून एकटी मुलगी पाठवायची कशी, हा आईवडिलांचा प्रश्न खोटा नव्हता. मी घरोघर जाऊन बोलत असे. कधी दोघीतिघींना एकत्र पाठवण्याची सोय लागे, कधी लागत नसे. नंतरच्या काळात दुर्बल घटकांतील मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला, पण तो पाचवीच्या वाटेवर सोबत करू शकत नव्हता. आज कोणी अभ्यासक ही रजिस्टरे उघडून चौथी उत्तीर्ण मुलींची संख्या काढील आणि ती पाहून समाधान मानील. त्या संख्येतील कोण पुढे शिकली, कोणाचे त्याच उन्हाळ्यात लग्न ठरले आणि कोण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसली, हे सांगू शकणारी माणसे त्या त्या गावाला एखाददुसरीच उरली आहेत, आणि त्यांतील बरीच माझ्यासारखी निवृत्त होऊन सांगली, मिरज किंवा विटा अशा ठिकाणी मुलांकडे राहायला गेली आहेत.

ऊसतोडीचेही तसेच. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे टोळीबरोबर कारखान्यांच्या भागात निघून जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतत. त्यांच्या मुलांची नावे गैरहजेरीमुळे कमी करावी लागत आणि ती परत आली की पुनर्प्रवेश द्यावा लागे, त्यामुळे एकाच मुलाला रजिस्टरमध्ये दोन, कधी तीन क्रमांक मिळालेले आढळतील. 2011 साली राज्यभर पटपडताळणी, म्हणजे पटावरील मुले खरोखर शाळेत आहेत का याची तपासणी, झाल्यानंतर जुन्या पटाकडे संशयाने पाहण्याची सवय लागली आहे. ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांना हे दोनतीन क्रमांक खोटेपणाचे वाटू शकतील. ते खोटे नव्हते. ते त्या मुलाचे वर्ष होते: अर्धे उसाच्या फडावर आणि अर्धे वर्गात.

आणि काही नावांपुढे लाल शाईत मयत एवढाच शेरा आहे. त्याच्या पुढे कारण लिहिण्याची पद्धत नव्हती. गोवर, हगवण, साप चावणे, विहीर. ती मुले कोणत्या रांगेत बसत हे मला माहीत आहे. त्यांच्याविषयी मी याहून अधिक इथे लिहू शकत नाही.

आता मी माझ्या पतींविषयी लिहिते, कारण ही विनंती करण्याचे बळ मला त्यांच्या शेवटच्या वर्षांतून मिळाले आहे. तेही प्राथमिक शिक्षक होते आणि गावाप्रमाणे मीही त्यांना गुरुजीच म्हणत असे. आमच्या नोकरीचा चांगला काळ एका द्विशिक्षकी शाळेत गेला; पहिली आणि दुसरी माझ्याकडे, तिसरी आणि चौथी त्यांच्याकडे. रजिस्टर आम्ही दोघांनी मिळून लिहिले. त्याच्या पानांवर त्यांचे उभे, टोकदार अक्षर आणि माझे गोल अक्षर आलटून पालटून दिसते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना विस्मरण होऊ लागले. प्रथम चष्मा आणि किल्ल्या, मग वार आणि तारीख, मग विश्रामबागेतील आमच्या घराचा रस्ता. मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले की या आजारात नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या मागे राहतात, आणि वर्षानुवर्षे रोज केलेले काम त्यांतही उशिरा जाते. ऐकताना मला ते पुस्तकी वाटले. नंतर मी ते रोज पाहिले.

संध्याकाळी त्यांना अस्वस्थपणा येत असे आणि ते घराबाहेर जाऊ पाहत. एका संध्याकाळी ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. समोर कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, नव्हता. प्रथम मुलगे, मग मुली, प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. प्रत्येक नावानंतर हजर म्हणायला पुरेल एवढे थांबणे. हजेरी संपली की ते शांत होत. पुढे मी हजर म्हणू लागले आणि मग वर्ग पूर्ण होईपर्यंत ते उठत नसत. त्या यादीत एक नाव असे होते की जे मला मुळीच आठवत नव्हते, आणि मी मनात धरले की ते कुठल्यातरी दुसऱ्या गावचे असेल. आमचा एक जुना विद्यार्थी गावी जाणार होता, त्याला मी शाळेत विचारून पाहायला सांगितले. नाव रजिस्टरमध्ये होते. पाझर तलावाच्या कामाबरोबर आलेल्या एका कुटुंबातील तो मुलगा होता. काही महिने शाळेत बसला आणि काम संपल्यावर कुटुंबाबरोबर निघून गेला. कारणाच्या रकान्यात परगावी गेल्यामुळे असे लिहिलेले होते, गुरुजींच्याच अक्षरात. ज्या माणसाला जेवण झाले की नाही हे सांगता येत नव्हते, त्याने त्या मुलाला तीसहून अधिक वर्षे वर्गात ठेवले होते.

त्याच यादीत दुसरे एक नाव मात्र आमच्या शाळेचे नव्हते. ती मुलगी त्यांच्या आधीच्या, दुसऱ्या तालुक्यातील शाळेत होती आणि त्यांच्या मनात दोन्ही वर्ग एकमेकांत मिसळले होते. हे मी मुद्दाम नोंदवीत आहे. म्हाताऱ्या माणसाची स्मृती मौल्यवान आहे म्हणून ती निर्दोष आहे असे समजू नये. तिला कागदाची जोड लागते, जशी कागदाला तिची लागते, आणि दोन्ही एकाच वेळी समोर असतील तरच त्यांतून काही खरे हाती येते. म्हणूनच मी आपणांस नुसत्या आठवणी सांगणाऱ्या कार्यक्रमाला बोलावत नाही, रजिस्टर पुढे ठेवून बसा असे म्हणते.

गुरुजी गेले त्याला आता काही वर्षे झाली. लोक सांत्वनाला आले तेव्हा सोबत गेली असे म्हणाले, आणि ते खरेच आहे. पण मला जी उणीव रोज जाणवते तिच्याविषयी कोणी बोलले नाही. आम्ही दोघांनी एकाच ठिकाणी, एकाच मुलांबरोबर काम केले होते, त्यामुळे एकाला अर्धे आठवले की दुसरा ते पूर्ण करीत असे, आणि एकाने चुकीचे सांगितले तर दुसरा तिथेच थांबवीत असे. त्यांच्या आजारपणातही, त्यांची हजेरी ऐकताना, मी माझी आठवण त्यांच्या आठवणीवर घासून पाहत होते. आता मला एखादी गोष्ट आठवते, पण ती तशीच घडली होती का हे विचारायला कोणी नाही. पतीच्या जाण्याने जे जाते त्यात हेही जाते, आणि ज्यांनी एकत्र काम केले आहे त्यांच्या बाबतीत ते फार मोठे असते. एकट्या माणसाच्या डोक्यात राहिलेली आठवण हळूहळू कथा होत जाते. ती कथा होण्याआधी कोणीतरी उतरवून घ्यावी, एवढीच माझी घाई आहे.

हे काम कसे करावे याविषयी मी बराच विचार केला आहे. सर्वप्रथम, मूळ रजिस्टरमध्ये एक काना-मात्राही बदलू नये. तिथे खाडाखोड करणे हा गुन्हा आहे आणि तसाच राहिला पाहिजे. रजिस्टर शाळेबाहेरही नेऊ नये. जुन्या पानांचे फोटो काढावेत किंवा झेरॉक्स काढावी, अक्षरे मोठी करावीत, कारण आमच्यापैकी अनेकांचे मोतीबिंदू झालेले आहेत, आणि एक वेगळी वही घालावी, जिच्यात रजिस्टर क्रमांक लिहून त्यापुढे सांगितलेली माहिती लिहावी. कोणी सांगितली, कधी सांगितली आणि सांगणाऱ्याला स्वतः माहीत होते की ऐकले होते, हे तिथेच नोंदवावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे, आपण न्याय करीत बसू नये. आम्हाला नुसते काही आठवते का असे विचारू नका, त्याने आम्ही गोंधळतो. मला बाजारात कोणी नमस्कार केला तर नाव आठवत नाही. कोणत्या रांगेत बसायचास असे मी विचारते आणि रांग कळली की नाव, वडील आणि घर सगळे येते. तसे नाव वाचा, वर्ष सांगा, कोणाशेजारी बसत असे ते विचारा. एका बैठकीत दोन पानांपेक्षा अधिक घेऊ नका. थकलेला म्हातारा माणूस समोरच्याला बरे वाटावे म्हणून होकार देतो.

काही गोष्टी मात्र लिहू नयेत, आणि इथे आपल्या विवेकाची गरज लागेल. आमच्याकडे आया विश्वासाने बोलल्या आहेत. घरातील मारहाण, कर्ज, कोणाचे लग्न का मोडले, कोणते मूल कोणाचे, हे त्यांनी बाईंना सांगितले, शाळेला नव्हे. हयात असलेल्या माणसाविषयीचे काही लिहायचे असेल तर आधी त्याला विचारावे. ज्या मुलींच्या नावापुढे चौथी उत्तीर्ण आहे त्या आज पन्नाशीच्या पुढच्या बायका आहेत. त्यांच्याविषयी आमचे ऐकण्यापेक्षा त्यांनाच बोलवावे हे उत्तम. त्या येतील. शाळेने बोलावले तर त्या नक्की येतील.

हे सर्व आताच का, असे आपण विचाराल. आपल्या जिल्ह्यात कागदाला दोन बाजूंनी धोका आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि नदीकाठच्या गावांतील अनेक शाळांत पाणी शिरले. 2021 साली पुन्हा पूर आला. पूर्वेकडे पाणी नाही, पण वाळवी आहे, आणि ती कोणालाही न कळता खालच्या कप्प्यापासून सुरुवात करते. त्यात कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा करण्याचा विचार 2023 पासून पुढे आलेला आहे. त्याच्या योग्यायोग्यतेविषयी माझे मत प्रतिकूल आहे, परंतु तो या पत्राचा विषय नाही. मला इतकेच विचारायचे आहे की एखादी शाळा दुसरीत मिळवली गेली तर तिचे रजिस्टर कोणाच्या ताब्यात जाईल, आणि त्या ताब्यात घेणाऱ्याला त्या गावचे एक तरी नाव ओळखीचे असेल का. सरल आणि यू-डायस या शासनाच्या ऑनलाइन नोंदप्रणालींत आजच्या मुलांची माहिती आहे. 1970 आणि 1980 च्या दशकांतील मुले त्या खालच्या कप्प्यातच आहेत. त्याआधीची काही पाने तर अशीही असतील की ज्यांच्यावर जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा आहे, कारण 1960 पर्यंत आपला जिल्हा त्याच नावाने ओळखला जात होता.

निवृत्त शिक्षकांना शोधायचे कुठे, हा प्रश्न अवघड नाही. दर नोव्हेंबरमध्ये आम्ही सर्व निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत जातो. व्यवस्थेने आम्हाला वर्षातून एकदा विचारायचा तो हाच एक प्रश्न आहे, की आपण जिवंत आहात का. त्यात कोणाचा दोष नाही, पैशाचा हिशेब नीट राहण्यासाठी ते आवश्यकच आहे. पण त्या दिवशी तालुक्याच्या बँकेत बाकावर जी माणसे अंगठा उमटवण्यासाठी बसलेली असतात, त्यांनीच आपल्या शाळांची जुनी रजिस्टरे लिहिलेली आहेत. तिथे जाऊन त्यांना दुसरा प्रश्न विचारता येईल. मला खात्री आहे की त्यांच्यातील बहुतेकांना तो प्रश्न ऐकून फार बरे वाटेल, कारण निरोप समारंभात शाल आणि श्रीफळ घेऊन घरी आल्यापासून त्यांना त्यांच्या कामाविषयी कोणी काही विचारलेलेच नाही. प्रकृतीविषयी सगळे विचारतात. आमची मुले, सुना, शेजारी, सगळे मायेने विचारतात. कामाविषयी विचारणारा माणूस मात्र काम जाणणाराच असावा लागतो, आणि तो आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही.

सुरुवात माझ्यापासून करावी. जत तालुक्याच्या पूर्व भागातील ज्या शाळांच्या रजिस्टरमध्ये 1973 ते 2009 या काळात माझे गोल अक्षर आढळेल, त्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी मला निरोप पाठवावा. माझा पत्ता पंचायत समितीच्या शिक्षण विभागातील निवृत्तांच्या यादीत आहे. शक्यतो दसऱ्यापूर्वी यावे. त्या वेळी ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावात असतात, आणि ज्या मुलांच्या नावापुढे पुनर्प्रवेश लिहिलेला आहे त्यांच्यापैकी काही जण, आता स्वतः पन्नाशी ओलांडलेले, अजूनही तोडीला जातात. मला जिथे शंका येईल तिथे त्यांना लगेच विचारता येईल. पाने सांगलीला आणणे जमणार नसेल तर मला तिकडे घेऊन जावे. एसटीने दोन गाड्या बदलाव्या लागतात, ते मला आता एकटीला जमत नाही, पण कोणी बरोबर असेल तर मी येईन आणि शाळा सुटेपर्यंत बसेन.

आपली,
एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका
विश्रामबाग, सांगली